घर-संसार : अग्नीचा राखणदार

ग्वाल्हेरची थंडी दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्यांना नेहमीच चकवते. नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी लश्करातील आमच्या घरी येतात ती एखादा पातळ स्वेटर घेऊन. आणि पहिल्याच रात्री आम्हांला माळ्यावरच्या रजया, कोळशाची शेगडी, विजेचा हीटर असा सारा सरंजाम काढावा लागतो. आल्यागेल्याला ऊब द्यावी हा तर गृहस्थधर्मच. परंतु त्या उबेच्या पोटी केवढे संकट दडलेले असते, हे गेल्या पौषात आम्ही अनुभवले.

रात्री दीडच्या सुमारास जळकट वासाने जाग आली. बैठकीच्या खोलीत नाती झोपल्या होत्या. कूस बदलताना रजईचे टोक हीटरच्या जाळीला टेकले होते आणि आतला कापूस धुमसत होता. रजई अंगणात ओढून नेली, चिंब भिजवली. धुमसता कापूस विझल्यासारखा दिसूनही पुन्हा पेटतो, म्हणून ती पहाटेपर्यंत बाहेरच ठेवली. मुली सुखरूप राहिल्या, ही ईश्वराची कृपा. सकाळी विचारपूस झाली, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर एकच : ‘दुसऱ्या कोणीतरी बंद केला असेल असे वाटले.’

खरी गोम येथेच आहे. पूर्वी घरात अग्नीचे ठिकाण एक आणि त्याचा राखणदारही एक. झाकपाक झाली की आजी निखारे राखेखाली दडपीत असे आणि मगच अंथरुणाला पाठ टेकीत असे. आता अग्नी खोलीखोलीत पोहोचला आहे आणि राखणदार मात्र उरलेला नाही.

हीटरचेच घ्या. २००० वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. भिंतीवरचे लहान सॉकेट बहुधा ६ अँपिअरचेच असते. त्यातच एक्स्टेन्शन लावून त्यावर आणखी काही जोडले, की वायर तापते, वितळते. तेव्हा हीटर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावावा, अंथरूण-पडद्यांपासून निदान तीन फूट दूर ठेवावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. पाणी तापविण्याचा रॉडही बादलीत सोडून विसरू नये. पाणी आटले की प्लॅस्टिकच्या बादलीला आग लागण्याची भीती असते.

कोळशाच्या शेगडीचा धोका दुहेरी आहे. ठिणगीचे भय सर्वांना ठाऊक असते. पण बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. बाळंतिणीची खोली असो वा वडीलधाऱ्यांची, धगधगती शेगडी आत ठेवून दार कधीही लावू नये.

सुट्टीत स्वयंपाकघरही अखंड चालू असते. तळणीचे तेल पेटले तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून कढईवर सपाट झाकण ठेवावे. तळताना शालीचे टोक आणि नायलॉनचा पदर खोचून घ्यावा. गॅसचा वास आला, तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू करण्यासाठी नाही आणि बंद करण्यासाठीही नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. आगीसाठी १०१ अथवा ११२ हे क्रमांक पाहुण्यांनाही दिसतील असे लावावेत. भाजल्यास तो भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप वा टूथपेस्ट लावू नये.

हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. आमच्याही घरी ते ठाऊक होते. उणीव होती ती एका माणसाची. म्हणून आता पाहुणे असोत वा नसोत, निजानीज होण्यापूर्वी घरातील एकजण शेगडी, हीटर, रॉड, गॅसचा रेग्युलेटर आणि देवघरातील समई पाहून येतो. आठवड्याचा माणूस ठरलेला असतो आणि त्याचे नाव कालनिर्णयावर लिहिलेले असते. यंदा पहिला आठवडा थोरल्या नातीने मागून घेतला आहे.