फुकट म्हणजे बेवारस नव्हे

वरवट बकालसारख्या गावातील एखादा शिक्षक संग्रामपूर तालुक्यातील गावांची व यात्रांची माहिती पडताळून मराठी विकिपीडियावर लिहितो, तेव्हा त्याला कोणी छदामही देत नाही. २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश अशा बिनमोल श्रमांवरच उभा आहे. मात्र असा मजकूर दैनिकांच्या पुरवण्यांत वाक्यही न बदलता छापला जातो आणि त्याच्या उगमाचा उल्लेख कोठेच नसतो. ही उसनवारी नव्हे. हे श्रमाचे अपहरण होय.

यावर ठरावीक उत्तर मिळते : जे सर्वांसाठी खुले आहे, त्याला कसले आले नाव? हा युक्तिवाद फसवा आहे. गायरान साऱ्या गावाचे असते, म्हणून त्याला कुंपण घालून स्वतःच्या नावावर चढविण्याचा अधिकार पाटलाला मिळत नाही. विकिपीडियाच्या मजकुरावरील हक्क लेखकांकडेच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने ते तो सर्वांना वापरू देतात, अगदी नफ्यासाठीही. अटी इतक्याच : श्रेय द्यावे, केलेले बदल सांगावेत आणि त्यातून सिद्ध झालेला मजकूर त्याच अटींवर इतरांस खुला ठेवावा. लिहिणारे हात हजार असले तरी लेखाचे नाव व पत्ता देणारी एक ओळ पुरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलमही लेखकाचा कर्तृत्वाचा हक्क मान्य करते. वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते हे खरे. परंतु ती मांडणाऱ्या शब्दांमागे कोणाची तरी मेहनत असते.

प्रश्न केवळ श्रेयाचा नाही, सत्याचाही आहे. २००९ साली संगीतकार मॉरिस जार यांच्या निधनानंतर डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर त्यांच्या तोंडी एक बनावट वाक्य घातले. संपादकांनी ते काढून टाकले. पण तोवर ब्रिटनमधील ‘गार्डियन’ने आणि भारतातीलही काही वृत्तपत्रांनी ते उचलले होते. उगम सांगितला असता तर वाचकाला शंका तरी घेता आली असती. उगम लपविला, की चूकही प्रमाण ठरते.

या उचलेगिरीचा दोष टेबलावर राबणाऱ्या उपसंपादकाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु बातमीदार कमी करून पाने मात्र तेवढीच भरून मागतो, तो मालकच होय. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वैध ठरविल्या; तरीही अंमलबजावणीसाठी पत्रकारांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्याला नोकराचे वेतन जड वाटते, त्याला स्वयंसेवकाचे नावही जड वाटावे, यात नवल ते काय?

श्रमाला प्रतिष्ठा मागणाऱ्या चळवळीने याचा आरंभ स्वतःच्या नियतकालिकांपासून करावा. घेतलेल्या मजकुराखाली उगम छापावा, आणि जो छापत नाही त्या संपादकाला कार्यकर्त्यांनी पत्र लिहून जाब विचारावा. सामाईक धन टिकते ते त्याची राखण करणाऱ्यांमुळेच.