ठराव दिल्लीला, बेदाणा वाऱ्यावर

चिनी बेदाणा आडमार्गाने येतो आणि आमचे दर पाडतो, असा आवाज सांगली-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी 2025 मध्ये उठवला. तो रास्त आहे. चार किलो द्राक्षे वाळवली की जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. औषधे, मजुरी, शेड, शीतगृहाचे भाडे, सगळा खर्च त्या एका किलोवर बसतो. शेडवर माल असताना अवकाळी पाऊस आला तर रंग जातो आणि भावही जातो. अशा शेतकऱ्याने संरक्षण मागितले तर त्यात गैर काय?

गैर आहे ते त्याला मिळणारे उत्तर. असा प्रश्न आला की आपल्या स्थानिक संस्था काय करतात? ‘केंद्राने आयात रोखावी’ असा ठराव करायचा, फोटो काढायचा आणि हात झटकायचे. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत, हे ठराव मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. ठरावाला खर्च येत नाही, म्हणून तो एकमताने मंजूर होतो.

दिल्लीशी भांडावे लागेलच. साफ्टा करारामुळे अफगाणिस्तानच्या मालाला शुल्कात सवलत मिळते. तिथल्या शेतकऱ्याने पिकवलेल्या मनुक्याशी आपले भांडण नाही. पण तिसऱ्याच देशाचा माल त्या कागदांवर आत येत असेल तर ती लबाडी आहे. मालाचे मूळ सिद्ध करणारी माहिती ठेवण्याची जबाबदारी 2020 च्या सीमाशुल्क नियमांनी आयातदारावर टाकली आहे. ते नियम कसोशीने राबवणे केंद्राचे काम.

पण बाहेरचा माल इथल्या बॉक्समध्ये भरला, तर त्याला ‘सांगली बेदाणा’ म्हणून विकण्यापासून कोण अडवणार? 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा मग उपयोग काय? इथे बाजार समितीला दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. बाजार राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि 1963 च्या कायद्याने त्याचे नियमन समितीकडे दिले आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माल कुठून निघाला, कुठे पोहोचला, हे दाखवणे आमच्या धंद्यात अवघड मानले जात नाही. शेडवरच प्रत्येक लॉटला क्रमांक द्या. गाव, वजन, तारीख लिहा. तोच क्रमांक शीतगृहात, सौद्याच्या पावतीवर आणि बॉक्सवर येऊ द्या. ज्या लॉटला क्रमांक नाही, तो सांगलीचा म्हणून विकायचा नाही. पाकिटावर मूळ देश लिहिला आहे का, हे पाहायला वैधमापन शास्त्र विभागाकडे पाठपुरावा करा. जिल्हा परिषदेने सेस फंडातून छोट्या शेतकऱ्याच्या शेडला आच्छादन द्यावे. आणि सौद्याच्या वेळी होणारी बेदाण्याची उधळण कायमची थांबवा. त्या उधळणीतला माल चीनने नेलेला नसतो!

यावर एक आक्षेप येतो: गरिबाला स्वस्त बेदाणा मिळत असेल तर तुम्हाला काय खुपते? स्वस्त माल जरूर यावा. शुल्क भरून, आपल्या नावाने यावा. गिऱ्हाईक काय घ्यायचे ते ठरवेल. आज त्याला निवडच नाही, कारण ताटात पडलेला बेदाणा कुठला, हेच त्याला कळत नाही.

हा प्रश्न फक्त बागायतदारांचा नाही. आपल्यातले कित्येक बागवान आणि सुकामेव्याचे दुकानदार याच मालावर पोट भरतात. रमजानमध्ये त्यांचा हंगाम असतो. बाजारात भेसळीचा बोभाटा झाला की संशयाची सुई आधी दुकानदारावर येते, आयातदार नामानिराळा राहतो. लॉटचा क्रमांक शेतकऱ्याला भाव देईल आणि प्रामाणिक दुकानदाराला पुरावा देईल. म्हणून बागायतदार आणि बागवान यांनी एकत्र येऊन बाजार समितीच्या दारात जावे. तिथे नवा ठराव मागू नये, लॉटची नोंदवही मागावी.