दम्याचा पंप: लगेच आराम मिळतो, मग दुसरा कशाला?

"डॉक्टर, दम लागला की अस्थालिन घेतो आणि बरं वाटतं. मग हा महागडा पंप कशाला?" हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण गेल्या काही वर्षांत जगभर त्याचं उत्तर बदललं आहे.

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि नलिकांना आतून सूज येते. अस्थालिनमधलं साल्ब्युटामॉल स्नायू सैल करतं, म्हणून काही मिनिटांत मोकळं वाटतं. सूज मात्र तशीच राहते. त्यामुळे 'सौम्य' दमा असलेल्यांनाही अचानक जीवघेणा अटॅक येऊ शकतो. म्हणूनच २०१९ मध्ये 'जिना' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सांगितलं, की १२ वर्षे व त्यावरील रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. ब्रिटननेही नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच भूमिका घेतली.

जोड-औषधाच्या पंपात सूज कमी करणारं स्टिरॉइड आणि नलिका मोकळ्या करणारं औषध एकत्र असतं. पण असे सगळे पंप सारखे नसतात.

ब्युडेसोनाइड + फॉर्मोटेरॉल (उदा. फोराकॉर्ट, ब्युडामेट): फॉर्मोटेरॉलचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि सुमारे १२ तास टिकतो. त्यामुळे डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तर हाच पंप रोजच्यासाठी आणि दम लागल्यावरही चालतो. सौम्य दम्याच्या रुग्णांवरील २०१८ मधील एका मोठ्या अभ्यासात, गरजेपुरता हा पंप घेणाऱ्यांमध्ये तीव्र अटॅक नुसता आराम देणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी दिसले.

फ्लुटिकासोन + साल्मेटेरॉल (उदा. सेरोफ्लो): रोज दोन वेळा घेण्यासाठी चांगलं औषध आहे. पण साल्मेटेरॉल हळू काम सुरू करतं, म्हणून दम लागल्यावर यावर विसंबू नका. आराम देणारा पंप वेगळा जवळ ठेवा.

फ्लुटिकासोन + विलँटेरॉल: दिवसातून एकदाच घ्यायचं असतं. हेही तातडीसाठी नाही.

पंप रंगावरून नव्हे, औषधाच्या नावावरून ओळखा. शेजाऱ्याला चालला म्हणून किंवा दुकानदाराने दिला म्हणून बदलू नका. फोराकॉर्टमध्येही जास्त मात्रेचे प्रकार येतात, ते तातडीसाठी वापरायचे नसतात.

"स्टिरॉइडची सवय लागेल" ही भीती बाळगू नका. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट फुप्फुसात जातं. घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी होण्याचा धोका कमी होतो.

आता घरातले रिकामे पंप मोजा. वर्षात साल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही आणि अटॅकचा धोका वाढला आहे. पुढच्या भेटीत सगळे पंप सोबत न्या आणि विचारा: "यातला रोजचा कोणता, दम लागल्यावर कोणता, आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा?" उत्तर कागदावर लिहून घ्या. तोवर चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा ताबडतोब रुग्णालय गाठा.