कथा आपली, बाजार परका

२००६ साली ‘व्हर्जिन कॉमिक्स’ ही चित्रकथा-संस्था मोठ्या थाटात उभी राहिली. रिचर्ड ब्रॅन्सन यांचा उद्योगसमूह, शेखर कपूर व दीपक चोप्रा यांची नावे, बंगळुरूच्या चित्रकारांचे कुंचले आणि ‘देवी’, ‘साधू’ अशी शीर्षके! आपल्या पुराणकथा आता जग जिंकणार, असे अनेकांना वाटले. पण २००८ मध्ये न्यूयॉर्कचे कार्यालय बंद झाले. व्यवस्थापनानेच संस्था विकत घेतली आणि ते नाव पुसले गेले.

असे का व्हावे? कथाबीज आपले होते. दृष्टी मात्र अमेरिकी बाजारावर आणि हॉलिवूडच्या पडद्यावर खिळली होती. याउलट, १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ आरंभिली ती रामाच्या मातेचे नाव न सांगता येणाऱ्या भारतीय मुलांसाठी. पुढे तिलाही ओहोटी लागली, २००७ मध्ये मालकी बदलली; तरी ती टिकली, कारण तिचा वाचक घराघरांत होता.

मात्र दोष केवळ प्रकाशकांचा नाही. मुलांच्या हाती मराठी चित्रकथा आपण किती वेळा ठेवतो? संस्कृतीचा अभिमान सभेत मिरवून भागत नाही; पुस्तकाच्या दुकानात पदरमोड करून तो सिद्ध करावा लागतो.