कांदा आणि परराष्ट्रनीति

परराष्ट्रनीति हा दिल्लींतील मुत्सद्द्यांचा विषय, शेतकऱ्यास त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ८ डिसेंबर २०२३ पासून मध्यवर्ती सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, तीही ४० टक्के जकात ठेवून. लासलगांवचे भाव कोसळले, हें सर्वश्रुतच आहे. परंतु बंदीच्या काळांतच बांगलादेशास ५०,००० टन कांदा देण्याची परवानगी झाली. म्हणजे कांदा हें मैत्रीचें साधन आहे, हें सरकारही जाणतें. मग सप्टेंबर २०१९ व सप्टेंबर २०२० मध्यें अकस्मात् बंदी घालून त्याच शेजाऱ्यास अडचणींत कां टाकलें? २०१९ सालीं त्या देशानें तुर्कस्तान, इजिप्त व पाकिस्तान येथून कांदा आणविला. तुटलेलें गिऱ्हाईक सहजासहजीं परत येत नाहीं.

शहरवासीयांस कांदा रास्त भावानें मिळावा, हें आम्हांस मान्य आहे. तथापि निर्यातीचें धोरण लागवडीपूर्वीं जाहीर व्हावें आणि शेजारी राष्ट्रांशीं ठराविक मालाचे करार करून ते पाळले जावेत. सभासदांनीं ही मागणी आपापल्या लोकप्रतिनिधींपुढें आग्रहानें मांडावी, अशी आमची विनंति आहे.