पहिले वर्ष बिघडले म्हणून?

निकालाचे दिवस आले, की पांढुर्णा व सौसर येथील काही घरांत एक अवघड शांतता पसरते. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून मुलाने किंवा मुलीने बी.एस्सी.ला नाव घातलेले असते. तेथेही पहिल्या वर्षी एकदोन विषय राहिलेले असतात. आणि तरीही पुन्हा डॉक्टर होण्याची गोष्ट निघते. तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, 'साध्या बी.एस्सी.त ज्याचा निभाव लागला नाही, तो डॉक्टर काय होणार?' हा प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण आमच्या मते तो अन्यायाचा आहे.

प्रथम प्रवेशाची आपली रीत पाहावी. गुणानुक्रम लागतो तो केवळ 'नीट' परीक्षेच्या गुणांवर. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून 50 टक्के (अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांस 40 टक्के) गुण असले, की पुढे बी.एस्सी.त काय घडले, हे कोणी विचारीत नाही. किती वेळा बसावे, यावर बंधन नाही. वयाची वरची मर्यादाही 2022 मध्ये उठली. अमेरिकेत याहून निराळे आहे. तेथे बहुधा महाविद्यालयीन पदवी घेऊन मगच वैद्यकाकडे वळतात, आणि पहिल्या वर्षाचे कच्चे गुण अर्जाबरोबर चालत येतात. आपल्याकडे ते मागेच राहतात. ही आपल्या रीतीतील दया होय. तिची निर्दयता अशी, की 720 गुणांचा सारा निवाडा एकाच दुपारी होतो, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो.

मग पहिले वर्ष बिघडते कशाने? आळस, परगावची मोकळीक, मोबाईल ही कारणे आहेतच, व ती सांगण्यात पालक कधी कसूर करीत नाहीत. परंतु एक कारण क्वचितच बोलले जाते, ते भाषेचे. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेले मूल पुढे जाते, तेव्हा पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी झालेले असते. आपली 'पेशी' हिंदीत 'कोशिका' होते, आणि हिंदी पुस्तकात 'पेशी' म्हणजे चक्क स्नायू! आमच्या घरची भाषा कोकणी आणि शाळा मराठी. एका शब्दापाशी अडखळून सबंध वाक्य निसटणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. विषय येत नाही, असा शिक्का मारण्यापूर्वी प्रश्न समजला होता की नाही, हे पाहावयास नको काय?

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते. मात्र ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते, आणि अर्थाविषयी शंका आल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानतात. मराठीवर आमचे प्रेम कमी नाही. तरीही येथे मराठीचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा एक वही करावी, तीत मराठी, हिंदी व इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात, आणि ती अकरावीच्या पहिल्या दिवसापासून लिहावी.

सीमेवर राहणाऱ्यांस आणखीही एक जाच आहे. 1947 मध्ये नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पांढुर्णा हा 2023 मध्ये त्यातून निघालेला वेगळा जिल्हा. 'बारावी नागपूरला केली, म्हणजे नागपूरच्या मेडिकलला हक्क आला' असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नव्हे. तेथील 15 टक्के जागा अखिल भारतीय गुणानुक्रमाने भरतात; उरलेल्या 85 टक्क्यांसाठी महाराष्ट्राचा अधिवास, व साधारणतः दहावी आणि बारावी दोन्ही त्याच राज्यातून लागतात. आपल्या मुलांना मूल निवासी प्रमाणपत्रावर मध्यप्रदेशच्या जागा आहेत. 2019 मध्ये सुरू झालेले छिंदवाड्याचे महाविद्यालय त्यांतलेच. शिवाय या राज्याने 2023 मध्ये शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी 5 टक्के जागा राखल्या. त्यांसाठी सहावी ते बारावी राज्यातील शासकीय शाळेत काढावी लागते. तेथून अकरावीसाठी नागपूर गाठणारा हा लाभ स्वतःच्या हाताने सोडतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

तेव्हा पुन्हा बसावे काय? अवश्य बसावे, परंतु मुदत घालून. कितीतरी घरांत शिकवणीचा खर्च संत्र्याच्या बहारावर अवलंबून असतो, आणि बहार दरवर्षी सारखा येत नाही. एक वर्ष मनापासून द्यावे. सराव परीक्षांतील गुण वाढत असतील तरच दुसरे. ही बोलणी आधी व्हावीत, निकालाच्या संध्याकाळी नव्हेत. मुलांनीही राहिलेले विषय घरी लपवू नयेत. लपविलेल्या गुणपत्रिकेचे ओझे घेऊन अभ्यास होत नाही. महाविद्यालयातील नाव कापू नये आणि राहिलेला विषय आधी सोडवावा. तो रसायनशास्त्राचा असेल, तर त्यात वेळ फुकट गेला असेही नाही. नीटमध्ये 180 गुण रसायनशास्त्राचेच आहेत.