छक्कड पुरी ऐका

अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सीमाभागात सभेला हमखास लागते. तिच्यात बेळगाव, कारवारचं नाव आहे. ते आलं की आमच्या संकेश्वरातल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा डोळे भरतात. पण आपण बहुतेक वेळा तेवढाच भाग ऐकतो, याचं मला वाईट वाटतं.

आधीचा भाग ऐका. मुंबईला निघालेला गडी बायकोची समजूत घालतोय. एकेका दागिन्याचं नाव घेतो, त्यात कोल्हापुरी साजही येतो, आमच्या आयाबायांच्या गळ्यातला. तिची कळी काही खुलत नाही. पोटामागं घर सोडलेल्या माणसाची ही ताटातूट आधी, मराठी राज्याची मागणी नंतर. म्हणून तर ती मागणी काळजाला भिडते.

अण्णाभाऊ स्वतः असेच गेले होते. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्म, शाळा दीड दिवसाची. बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले. मधल्या काळात गावाकडं चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात रमले. गळा आणि लेखणी तिथंच तयार झाली. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि हुतात्मे आले, पण ढोलकीचा ठेका तोच राहिला. जुन्या साच्यात नवा माणूस उभा करणं हे त्यांचं खरं कसब. पुढं ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, कादंबरीकाराचं नाव झालं, शाहीर मागं पडला. माझ्या मते शाहीर काकणभर सरस होता. १९६९च्या जुलैत, पन्नाशीही न गाठता ते गेले.

आणखी एक सांगतो. आपल्या पोवाड्याला ‘जी जी’ची झील, तशी इकडच्या कन्नड गीगी पदांना ‘गी गी’ची. डफ तोच, तुणतुणं तेच. आपला कलगी-तुरा, त्यांचे हरदेशी-नागेशी. भांडण सरकारांचं असेल. गाणाऱ्यांचं कधीच नव्हतं.

येत्या १ ऑगस्टला, जयंतीला, फोटोला हार घालाच. पण स्पीकरवर तुकडा लावू नका. ढोलकीवाला बोलवा, शेजारच्या गावचा गीगी मेळही बोलवा, आणि छक्कड पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन घ्या.